मिलीचे कप कसे करायचे: दूध, पाणी, तेल मोजायची सगळी पद्धत

मिलीवरून कपावर यायचं गणित म्हणजे एक साधा भागाकार आहे, पण भागायचं कशाने ते आधी ठरवावं लागतं आणि नेटवर जे तक्ते फिरत असतात ते नेमकं तेवढंच सांगत नाहीत. एका ठिकाणी लिहिलेलं असतं ५०० मिली म्हणजे २ कप, दुसरीकडे २.११ कप, आणि गंमत म्हणजे दोन्ही बरोबर असतात कारण दोघांनी धरलेला कप वेगळा असतो. म्हणून तक्ता पाठ करायच्या आधी आपल्या हातातला कप किती मिलीचा आहे ते शोधा, एकदा ते कळलं की पुढचं सगळं दोन मिनिटांचं काम आहे.

कप कुठला?

अमेरिकन कप म्हणजे त्यांचे ८ फ्लुइड औंस, साधारण २३६.६ मिली. तिकडे पाकिटांवर जी पोषणाची माहिती छापतात तिथे सरळ २४० धरतात आणि स्वयंपाकघरातही २४० धरलं तर काही बिघडत नाही, फरक दीड टक्क्याच्या आत आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इथे मेट्रिक कप २५० मिलीचा. जपानी कप २०० मिलीचा, आणि त्यांचा तांदूळ मोजायचा कप आणखी वेगळा, १८० मिलीचा. जुन्या ब्रिटिश रेसिपीत कप आला तर तो बहुतेक अर्ध्या पिंटाचा, म्हणजे २८४ मिलीचा, कारण त्यांचा पिंट ५६८ मिली आहे.

आपल्याकडे दुकानात मेजरिंग कपचे जे सेट मिळतात त्यात २४० वाले पण असतात आणि २५० वाले पण. दांडीवर किंवा बुडाशी आकडा कोरलेला असतो, तो बघा. अर्ध्या कपावर १२० असेल तर सेट २४० चा, १२५ असेल तर २५० चा. नुसतं '१ कप' लिहिलेलं असेल आणि मिलीचा आकडाच नसेल तर खाली दिलंय तसं मोजून घ्या, अंदाज करू नका.

चहाचा कप मात्र या कामाला घेऊ नका. घराघरात तो वेगळा असतो, १०० पासून १५० पर्यंत काहीही निघतो, आणि इडल्या फुगल्या नाहीत, पुडिंग दगडासारखं झालं, याचं कारण कितीतरी वेळा तिथेच असतं.

आपला कप किंवा वाटी मोजून घेणं

डिजिटल वजनकाटा असेल तर यापेक्षा सोपं काही नाही. १ मिली पाणी म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम, म्हणजे काट्यावर पाण्याचे जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली. कप कोरडा पुसून घ्या, बूड पण पुसा, काट्यावर ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा आणि मग हळूहळू पाणी ओता. शेवटचं पाणी चमच्याने घाला. काठापर्यंत आल्यावर पाणी लगेच सांडत नाही, काठाच्या वर थोडं फुगून उभं राहतं, बाजूने बघितलं की तो फुगवटा स्पष्ट दिसतो, तो यायच्या आधी थांबायचं. पाणी काठाशी सपाट आहे तेव्हाचा आकडा तुमच्या कपाचा. त्या फुगवट्यात सहज पाच-सहा मिली जास्तीचं बसतं, त्यामुळे थोडं लक्ष देऊन करा.

काटा नसेल तर न उघडलेली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी किंवा १ लिटरची पाण्याची सीलबंद बाटली घ्या आणि तुमच्या वाटीने मोजत दुसऱ्या भांड्यात काढा, किती वाट्या झाल्या ते बघा. घरात पुन्हा भरलेली बाटली नको, कारण गळ्यापर्यंत भरली की तिच्यात लिटरपेक्षा जास्त बसतं. लिटरभर पाण्याच्या ६ वाट्या आणि वर थोडं उरलं तर वाटी १६० च्या आसपास, बरोबर ५ झाल्या तर २००.

आणखी दोन गोष्टी बहुतेक घरात असतात पण मापासाठी कुणाला आठवत नाहीत. एक म्हणजे बाळाची दुधाची बाटली, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात. दुसरं म्हणजे खोकल्याच्या औषधासोबत येतं ते प्लॅस्टिकचं मापाचं टोपण, त्यावर ५ आणि १० ची रेघ असते. चमच्याचं माप तपासायला त्या टोपणासारखं दुसरं काही नाही, फक्त स्वच्छ धुवून घ्या.

जो आकडा येईल तो परमनंट मार्करने कपाच्या बुडाखाली लिहून टाका, नाहीतर कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी लावा. घरात स्वयंपाक करणारे दोघंतिघं असतील तर सगळ्यांनी त्याच वाटीने मोजायचं हे एकदा ठरून जातं.

आता भागाकार

रेसिपीतले मिली भागिले तुमच्या कपाचे मिली, बस. ३६० मिली भागिले २४० म्हणजे दीड. ६०० भागिले २४० म्हणजे अडीच. इतकं सरळ आलं तर प्रश्नच नाही, पण ५०० भागिले २४० केलं की २.०८ येतं आणि ०.०८ कप कसा मोजणार? तिथे दशांशाच्या मागे लागायचं नाही. पूर्ण कप काढा, जे मिली उरतात ते चमच्यांवर घ्या. एक टेबलस्पून १५ मिली, एक टीस्पून ५ मिली, हे दोनच आकडे लक्षात ठेवायचे. ५०० मधून ४८० म्हणजे २ कप गेले, उरले २०, म्हणजे १ टेबलस्पून आणि १ टीस्पून. झालं.

२४० च्या कपासाठी नेहमी लागणारे आकडे हे घ्या, तपासून लिहिलेत:

३० मिली – २ टेबलस्पून
६० मिली – पाव कप
८० मिली – १/३ कप
१०० मिली – १/३ कप आणि ४ टीस्पून
१२० मिली – अर्धा कप
१५० मिली – अर्धा कप आणि २ टेबलस्पून
१८० मिली – पाऊण कप
२०० मिली – पाऊण कप आणि ४ टीस्पून
२५० मिली – १ कप आणि २ टीस्पून
३०० मिली – सव्वा कप
४०० मिली – १ कप आणि २/३ कप
५०० मिली – २ कप आणि ४ टीस्पून
७५० मिली – ३ कप आणि २ टेबलस्पून
१ लिटर – ४ कप, २ टेबलस्पून आणि २ टीस्पून

२५० चा कप असेल तर मोठे आकडे एकदम सुटसुटीत होतात, ५०० म्हणजे २, पाऊण लिटर म्हणजे ३, लिटर म्हणजे ४. लहान आकड्यात मात्र पाव कप ६२.५ आणि वन थर्ड साधारण ८३ होतो. १०० मिली हवं असेल तर पाव कप, २ टेबलस्पून आणि दीड टीस्पून. रोजच्या भारतीय स्वयंपाकाला मला विचाराल तर २५० चाच सेट घ्या, कारण आपलं दूध, तेल, पाणी सगळं अर्धा लिटर, लिटर याच मापात घरात येतं आणि ते पटकन जुळतं. अमेरिकन रेसिपीवरून केक-ब्रेड करणं हेच मुख्य काम असेल तर २४० चा.

वाटीवर आणायचं असेल तर

सेट विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही. समजा तुमची आमटीची वाटी मोजल्यावर १७० मिली निघाली. ३०० मिली दूध हवंय तर ३०० भागिले १७० म्हणजे १.७६, म्हणजे पावणेदोन वाट्या. २५० मिली म्हणजे दीड वाटीत एक टीस्पून कमी. अर्धा लिटर म्हणजे ३ वाट्या भरायच्या आणि त्यातून २ टीस्पून काढायचे. १०० मिली म्हणजे अर्धी वाटी आणि वर १ टेबलस्पून.

यात एक खाच आहे ती अर्ध्या वाटीची. आपल्या बऱ्याच वाट्या खाली निमुळत्या आणि वर पसरट असतात, त्यामुळे अर्ध्या उंचीपर्यंत भरली की अर्धी वाटी झाली असं डोळ्याला वाटतं पण आत निम्म्यापेक्षा बरंच कमी असतं, कारण रुंद भाग सगळा वर राहिलेला असतो. काट्यावर १७० च्या वाटीत ८५ ग्रॅम पाणी घालून बघा, पाणी अर्ध्या उंचीच्या वर आलेलं दिसेल. ती जागा नीट बघून ठेवा किंवा आतून नखाएवढी खूण करा. सरळ उभ्या भिंतीचा पेला किंवा फुलपात्र असेल तर हा त्रास कमी, अर्धं म्हणजे अर्धंच.

आणि मूळ रेसिपीच वाटीवर असेल तर मिलीत आणायची काही गरज नाही. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठी, एक वाटी पाणी, तिथे वाटी १५० ची असो की २०० ची, प्रमाण तेच राहतं. फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत वाटी तीच हवी. पिठी एका वाटीने आणि पाणी दुसऱ्या वाटीने घेतलं की उकड चिकट तरी होते नाहीतर कोरडी पडते.

चमचे

मेजरिंग स्पूनचा सेट असेल तर प्रश्न नाही, त्यावर १५, ५, २.५ असे आकडे असतात. ३ टीस्पून म्हणजे १ टेबलस्पून, आणि १६ टेबलस्पून म्हणजे २४० चा एक कप. घरातला चहाचा चमचा ५ मिलीचा असेलच याची खात्री नाही, आणि पोह्याचा चमचा १५ चा असेल याची तर अजिबातच नाही, म्हणून औषधाच्या टोपणाने एकदा बघून घ्या. ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा असतो. ४ टेबलस्पून लिंबाचा रस म्हटलं तर ६० नाही, ८० मिली होतो, आंबटपणात हा फरक चांगलाच कळतो.

प्रत्यक्ष मोजताना

द्रव मोजायला दोन प्रकारची भांडी असतात. एक दांडीचा कप, जो काठोकाठ भरायचा असतो, आणि दुसरा चोच असलेला काचेचा किंवा प्लॅस्टिकचा जग, ज्याच्यावर रेघा असतात. सपाट भरलेला कप आणि सपाट भरलेला चमचा हा आग्रह अमेरिकेत लोकप्रिय केला तो बॉस्टनच्या कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर बाईंनी, १८९६ च्या त्यांच्या पुस्तकातून, आणि आज सगळं जग कपाच्या रेसिपी त्याच हिशोबाने लिहितं. पण दूध-पाण्यासाठी जग बरा, कारण काठोकाठ भरलेला कप ओट्यावरून पातेल्यापर्यंत नेताना थोडं सांडतंच. दांडीचाच कप असेल तर मोजताना खाली ताट ठेवा. केकच्या मिश्रणाच्या वर धरून भरू नका, सांडलं की जास्तीचं सरळ मिश्रणात जातं आणि मग ते परत काढता येत नाही.

जगवरची रेघ बघताना जग ओट्यावर ठेवायचा आणि आपण खाली वाकून डोळे रेघेच्या पातळीत आणायचे. जग हातात उचलून बघितला की तो तिरका होतोच, आणि वरून उभ्याने बघितलं तर पातळी चुकीची दिसते. पाणी काचेच्या कडेला किंचित वर चढलेलं असतं आणि मध्ये खोलगट असतं, त्यातला मधला खालचा भाग रेघेला लागला पाहिजे. नवीन प्लॅस्टिकचा जग आणला असेल तर त्याच्या ५०० च्या रेघेपर्यंत पाणी भरून एकदा वजन करा, स्वस्तातल्या जगांवर रेघा कधी कधी चांगल्याच हुकलेल्या असतात.

दूध फेसाळलेलं असेल तर फेस बसू द्या, मग मोजा. बासुंदीसाठी, खव्यासाठी दूध तापवायच्या आधी मोजायचं, आटल्यावर मोजलेलं माप रेसिपीत धरलेलं नसतं. 'निम्मं होईपर्यंत आटवा' असं असेल तर सरळ भिंतीच्या पातेल्यात सुरुवातीलाच लाकडी उलथन्याचा दांडा उभा बुडवून दूध कुठपर्यंत आलंय ते बघा, त्याच्या अर्ध्यावर खूण करा, मग मधून मधून दांडा बुडवून बघता येतं. बुडाशी गोल असलेल्या कढईत हे चालत नाही, वाटीचीच गोष्ट तिथेही.

मध, काकवी, कंडेन्स्ड मिल्क कपाला चिकटून राहतं, चमच्याने खरवडलं तरी थोडं आत राहतंच. रेसिपीत तेल असेल तर आधी तेल मोजा आणि त्याच न धुतलेल्या कपात मध मोजा, घसरून पूर्ण बाहेर येतो. तेल नसेल तर कपाला आतून तेलाचं बोट फिरवा.

मिली आणि ग्रॅम एक समजू नका

सगळ्यात जास्त रेसिपी इथे बिघडतात. ग्रॅम बरोबर मिली हे फक्त पाण्याला लागू आहे. दूध, ताक थोडं जड आहे, १ लिटर दूध साधारण १०३० ग्रॅम, तेवढा फरक सोडून दिला तरी चालतो. तेल हलकं, लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं दिसेल, म्हणजे २४० चा कपभर तेल २२० ग्रॅमच्या आसपास भरतं, पातळ केलेलं तूपही जवळपास तेवढंच. मध मात्र खूप जड, तोच कप भरला तर ३४० ग्रॅम. कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा म्हणजे कपाने मोजला तर सव्वा कपच होतो, पावणेदोन कप नाही.

आणि पिठाला तर हा नियम लावायचाच नाही. २५० मिलीच्या कपात मैदा भरला म्हणजे २५० ग्रॅम मैदा झाला असं समजून लोक केक करतात आणि तो पसरट, ओला बसतो. कपभर मैदा साधारण १२५ ग्रॅम असतो, म्हणजे जवळजवळ निम्माच. पीठ ग्रॅममध्ये दिलं असेल तर ते काट्यावरच घ्या, या लेखातला भागाकार फक्त ओतता येणाऱ्या गोष्टींसाठी.

किती काटेकोर राहायचं

आमटी, सार, पन्हं, खीर, इथे लिटरला सरळ ४ कप धरा. २४० चा कप असेल तर ४० मिली कमी पडेल, कुणाला कळणार पण नाही. मात्र प्रमाण वाढवलं की कमी पडलेलंही वाढतं, ३ लिटरला १२ कप धरले तर १२० मिली म्हणजे अर्धा कप कमी पडला, आणि कार्याच्या स्वयंपाकात तर याच्या कितीतरी पट.

चायनाग्रासचं पुडिंग, जेली, केक, ब्रेडची कणीक इथे चमच्यापर्यंत मोजा. चायनाग्रासच्या एका रेसिपीत ६०० मिली दूध आणि १५० मिली पाणी असेल तर २४० च्या कपाने अडीच कप दूध आणि अर्धा कप अधिक २ टेबलस्पून पाणी. हेच अडीच कप चहाच्या १५० मिलीच्या कपाने घेतले तर दूध फक्त ३७५ मिली पडतं, चायनाग्रास तेवढाच, आणि पुडिंग रबरासारखं कडक होतं.

इलेक्ट्रिक राईस कुकरसोबत जो छोटा प्लॅस्टिकचा कप येतो तो बहुतेक १८० मिलीचा असतो आणि आतल्या भांड्यावरच्या १, २, ३ च्या रेघा त्याच कपाच्या हिशोबाने असतात. तो कप हरवला तर पाऊण कप, २४० वाला, त्याच्या जागी बरोबर बसतो.

उलटं करायचं असेल, आणि बाजारातून आणायचं असेल

कप गुणिले २४० केलं की मिली. ३ कप दूध म्हणजे ७२० मिली, अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या आणा, २८० उरेल, त्याचा चहा होईल. २ कप क्रीम म्हणजे ४८०, पाव लिटरचे दोन पॅक पुरतात. १ कप नारळाचं दूध आणि पॅक २०० मिलीचा, तर ४० मिली पाणी घालून त्याच पॅकमध्ये हलवून घ्या, कडेला चिकटलेला घट्ट भाग पण निघून येतो.

अमेरिकेत असाल आणि घरून आलेल्या रेसिपीत २ लिटर दूध असेल तर अर्ध्या गॅलनचा डबा म्हणजे १.८९ लिटर, वर जेमतेम अर्धा कप घातलं की झालं. तिकडचा क्वार्ट ९४६ मिलीचा, लिटरला ५४ मिली कमी. स्वीडनच्या रेसिपीत डेसिलिटर असतात, १ डेसिलिटर म्हणजे १०० मिली, आणि युरोपात कुठे सेंटिलिटर दिसला तर १० मिली.

आजीच्या वहीतलं पावशेर (पाव शेर), नवटाक (शेराचा आठवा भाग) कुणाला उतरवायचं असेल तर ८० तोळ्यांचा पक्का शेर साधारण ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे पावशेर दूध एका कपाला जरा कमी आणि नवटाक तेल किंवा तूप सुमारे अर्धा कप. पायलीतला शेर वेगळा, तो धान्याच्या मापाचा, त्याच्याशी हे जुळवू नका.

राहता राहिलं, रेसिपीत नुसतं 'कप' आहे आणि कुठल्या देशाची ते कळत नाही. तेव्हा बाकीचं साहित्य वाचा. ओव्हन फॅरनहाइटमध्ये असेल, बटर स्टिकमध्ये मोजलं असेल, मैद्याला ऑल पर्पज फ्लोअर म्हटलं असेल तर अमेरिकन, २४० धरा. सेल्सिअस असेल, प्लेन फ्लोअर आणि कॅस्टर शुगर असेल तर २५० धरा, आणि ती ऑस्ट्रेलियन निघाली तर टेबलस्पून २० चा घ्यायला विसरू नका. यातलं काहीच नसेल तर दूध-पाणी आधी २४० ने मोजा, आणि मिश्रण घट्ट वाटलं तर चमचा-चमचा करून वाढवा. घट्ट झालेलं सैल करता येतं, सैल झालेलं निस्तरायला पुन्हा पीठ घालत बसावं लागतं.